मला पहिला डाग पडला तेव्हा

मित्रांनो, मला उघडण्याआधी जरा वास घेऊन बघा. लोणी, लिंबू आणि किंचित करपलेली साखर. मी एक जुनं पाककृतींचं पुस्तक आहे आणि हा वास माझी आयुष्यभराची कमाई आहे.

माझा जन्म टीव्हीमुळे झाला. डोंगरावरच्या एका खानावळीची मालिका तेव्हा घरोघरी बघितली जायची. दर भागात कुणीतरी तोंड पाडून तिथे यायचं आणि पोटभर जेवून हसत निघायचं. बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण पडद्यातून वाटी काही बाहेर येत नाही. मग मालिकेतल्या साऱ्या पदार्थांच्या कृती लिहून मला छापलं. 'रुसलेल्या पाहुण्याचं सूप', 'वादळात अडकलेले बटाटे', 'परतीच्या वाटेचा केक' ही नावं वाचूनच लोक दुकानात थबकायचे. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो. खोटं कशाला बोलू, मी भलताच शेफारलो होतो.

मला विकत घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईने. मालिकेवर तिचा भारी जीव. पण मी खराब होईन म्हणून तिने मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून टीव्हीशेजारी ठेवलं. आल्यागेल्याला दुरूनच दाखवायची. "हात धुतलेत ना?" असं विचारल्याशिवाय कुणाला पान उलटू द्यायची नाही. कौतुक उदंड झालं, पण माझ्यातला एक बटाटासुद्धा कुणी उकडला नाही. पुस्तक स्वयंपाकाचं आणि स्वयंपाकघराचं दर्शन नाही! मनातून मी फार खट्टू असायचो.

पुढे एका तापाने ती अंथरुणाला खिळली. ताप उतरला, तरी तोंडाला चव येईना. ताट समोर आलं की ती मान फिरवायची. जडशीळ यंत्रं लीलया उचलणारी ती बाई उशीला टेकून मालिकेचे जुने भाग नुसते बघत बसायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या आठवड्यात खाणं वाढलं नाही, तर पुन्हा दवाखान्यात दाखल करावं लागेल." नवऱ्याला कारखान्यात दिवसपाळी. घरी उरले सासरे, म्हणजे बाबा. ते शिंपी. उभ्या जन्मात त्यांनी चहापलीकडे काही केलं नव्हतं.

पण पडद्यावर सूप आलं की सूनबाईचे डोळे जरा लकाकतात, हे त्यांनी हेरलं. त्यांनी कात्री उचलली, माझं प्लास्टिक कापलं आणि मला थेट ओट्यावर आणून ठेवलं. माझा आनंद काय विचारता!

आता शिंप्याचा हात कसा असतो बघा. कापड बेतताना ते शिवणीसाठी थोडं जास्त सोडतात. कपडा घट्ट झाला, तर उसवून सैल करता येतो. बाबांनी तोच नियम मला लावला. मी म्हटलं चमचाभर मीठ, त्यांनी वर आणखी टाकलं. "कमी पडलं तर पंचाईत. जास्त असलं तर आत दुमडता येतं," असं आपलं पुटपुटणं चालू. पण मीठ कसं दुमडणार? मी जीव तोडून ओरडत होतो, पण छापील अक्षरांचं ऐकतो कोण! सूनबाईने एक चमचा घेतला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "छान झालंय, बाबा. नंतर घेते." बाबांनी स्वतः चाखलं आणि पातेलं मोरीत रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केकचं पान काढलं. मिठाचा धडा मिळाला होता, म्हणून मीठ नखावर मावेल एवढंच. बाकी सगळ्याला मात्र हात सैल. मैदा जास्त, साखर जास्त आणि बेकिंग पावडर तर विचारूच नका. डबा काठोकाठ भरून ओव्हनमध्ये गेला. थोड्या वेळात केक फुगला, काठावरून डोकावला आणि सरळ चालू लागला. साखर खाली पडून करपली, धूर झाला. "अरे थांब, थांब!" बाबा केकलाच दटावू लागले.

धुराच्या वासाने सूनबाई भिंत धरत स्वयंपाकघरात आली. बाबांच्या चष्म्यावर पीठ आणि डब्याच्या चारी अंगांनी केक लोंबतोय. तिने क्षणभर पाहिलं.

"बाबा, मावतील त्यापेक्षा जास्त माणसं चढवलीत की हो लिफ्टमध्ये!"

"अगं, मी आपली दोन बोटं जास्त धरली," बाबा ओशाळून म्हणाले.

"केकला कुठे शिवण असते?"

आणि ती हसू लागली. इतकी, की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. हसता हसता तिने डब्याबाहेरचा कुरकुरीत तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. बाबांचा श्वास अडकला. माझाही.

"लिंबू लागतंय," ती सावकाश म्हणाली. "बाबा, मला चव कळतेय!"

तिने दुसरा तुकडा मोडला. ओटा पुसायला घेतलेलं फडकं बाबांनी डोळ्यांना लावलं. तिने लोण्याच्या बोटांनी पुढचं पान उलटलं आणि मला आयुष्यातला पहिला डाग पडला. मित्रांनो, त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने पाककृतींचं पुस्तक झालो.

मग काय, आमची चंगळच सुरू झाली. खुर्चीत बसून ती मोजून द्यायची आणि बाबा फक्त चिरायचे. भाज्या मात्र त्यांनी अशा एकसारख्या चिरल्या, की खानावळीच्या मालिकेतही तशा दिसल्या नसतील. बटाटे रंगले, सूप दुसऱ्या खेपेला जमलं, आणि दवाखान्याची पिशवी भरायची वेळच आली नाही.

आता माझी पानं पिवळी पडली आहेत आणि काहींवर टोमॅटो कायमचा राहायला आला आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, पुस्तकं फाडू नका, भिजवू नका, पण कपाटात कोंडूही नका. आम्हाला ओट्यावर न्या, तुमच्या हाताचा पसारा सोसायला आम्ही एका पायावर तयार असतो.

बरं, आता मला जाऊ द्या. सूनबाई कामावरून आली आहे आणि पायातली चप्पल काढायच्या आधीच ओरडते आहे, "बाबा, काय शिजतंय? मला सपाटून भूक लागलीय!"