दुपट्याखाली

कॉरिनने गाडी दवाखान्यासमोर लावलीच नाही. पलीकडच्या गल्लीत, बियाण्यांच्या दुकानामागे लावली. तान्ह्या लेकीची, थियाची टोपली उचलली, तिच्यावर दुपटं ओढलं आणि साचलेल्या बर्फाच्या कडेकडेने ती चालू लागली. दुपट्याखाली थिया टाहो फोडत होती. आधी ती नुसती संध्याकाळी रडायची. आता तिला वेळकाळ उरला नव्हता.

आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावाला मणके बसवणारे डॉक्टर ऑस्ट्रँडर काही नवे नव्हते. मक्याची कापणी उरकली की निम्मं गाव त्यांच्याकडे पाठ घेऊन जायचं, तान्ही पोरंही न्यायचं. पण कॉरिन मुलांच्या डॉक्टरांकडे नर्स होती, आणि या प्रकाराची तिच्याइतकी टिंगल गावात कुणी करत नसे.

ऑस्ट्रँडरांच्या दवाखान्यात बाकावर एकच पेशंट बसली होती. टेसा कुबिचेक. कॉरिनचा पाय उंबऱ्यातच अडखळला. मागच्या वसंतात हीच टेसा रडतं पोर घेऊन कॉरिनच्या दवाखान्यात आली होती. त्याला ऑस्ट्रँडरांकडे नेलं होतं असं तिने सांगताच कॉरिन भर गर्दीत म्हणाली होती, "अगं, पोर आहे की गंजलेलं बिजागर?" सगळे हसले होते. टेसा कानापर्यंत लाल झाली होती आणि खाली वाकून पोराचे मोजे नीट करत बसली होती. मोजे नीटच होते.

"सिस्टर, तुम्ही?"

"पाठ धरलीय जरा," कॉरिन म्हणाली. "हिला सांभाळायला घरी कुणी नव्हतं."

"माझीही धरलीय. गोठ्यात घसरले." टेसाने कण्हत सरकून जागा करून दिली.

तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीतली बाई मोठ्याने म्हणाली, "थिया हाल्डर्सन! बाळालाच दाखवायचंय ना? आणा आत."

कॉरिनने मान वर केली नाही. दुपट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

टेसा हसली नाही. म्हणाली, "आमच्या मायलोला मी परत नाही आणलं इथे. तुम्ही बोललात ना."

"मग? थांबला रडायचा?"

"थांबला की, आपोआप. पण लई दिवस काढले. म्हटलं, सिस्टर म्हणतायत म्हणजे थांबेल."

असं कॉरिन म्हणालीच नव्हती. बिजागराचं बोलून ती पुढच्या पेशंटकडे वळली होती. धीराचे शब्द टेसाने स्वतःच जोडून घेतले होते.

"घरी कोण होतं गं तुझ्या, तेव्हा?"

"कोण असणार? नवरा मालाच्या बोटीवर." टेसाने खिडकीकडे पाहून आवाज खाली आणला. "जा तुम्ही. मी कुणाला बोलणार नाही."

कॉरिन उठली, परत बसली. "त्या दिवशी मी..."

"आणा तिला इकडे," टेसा म्हणाली. "कोट तरी काढा. घामाघूम झालायत."

तिने थियाला खांद्यावर घेतलं. थिया तिथेही तशीच रडत राहिली. टेसा तिला थोपटत फेऱ्या घालू लागली, दुसरा हात स्वतःच्या कमरेवर दाबून.

"येताय ना?" खिडकीतून पुन्हा विचारणा झाली.

कॉरिन कोटाच्या बटणांशी झटत होती. एकही निघत नव्हतं.