तलंगांचा मांडव

अवधूतच्या कोंबड्यांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं नाही. बरं, हे अजून झालंच नाही असं समजा. सकाळ आहे, आणि तपासणीला येणाऱ्या मिताली मॅडम वाटेत आहेत.

पळस्प्याजवळच्या रानात अवधूतने तलंगा वाढवल्या होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. चोची न छाटता शाबूत, बसायला दांड्या, लोळायला माती, खायला सेंद्रिय दाणे. तो स्वतः नवीन पनवेलला एका खोलीत राहायचा. त्याला लोळायला जागा नव्हती. नियम एकच उरला होता: कोंबड्या दिवसा मोकळ्यावर दिसल्या पाहिजेत. नाहीतर त्या लाडावलेल्या, पण साध्याच कोंबड्या.

शेडचं दार सताड उघडं होतं. पण वरून विमान गेलं की तलंगांना घार वाटायची आणि सगळ्या आत. विमानतळ झाल्यापासून घारींना वेळापत्रक आलं होतं. "बघा, मला काही होतंय का?" म्हणत अवधूत स्वतः उन्हात उभा राहिला. आता गेलाच अशा माणसाकडे बघावं, तसं तलंगांनी त्याच्याकडे बघितलं.

शेवटी त्याने भाड्याने हळदीचा मांडव आणून ठोकला. आभाळ झाकलं. तलंगा एकेक करून बाहेर आल्या, मातीत लोळल्या. अवधूतला भरून आलं.

मग गाव आलं.

मांडव दिसला म्हणजे हळद, आणि हळदीला आमंत्रणाची वाट कोण बघतं? पुढे शेजारचे रामूकाका, मागे अख्खी आळी, त्यामागे बेंजो.

"काका, हळद नाहीये!"

"लाजतंस कशाला? नवरा तूच ना?"

"अहो, मांडव कोंबड्यांसाठी आहे!"

"कोंबड्या हायत?" काका मागे वळून ओरडले, "जेवान झकास हाय रं!"

आळीतल्या शोभाकाकूंनी अवधूतच्या दोन्ही गालांना हळद फासली. बेंजो सुरू झाला. तलंगा शेडमध्ये पळाल्या, ते थेट वरच्या दांडीवर.

तेवढ्यात मिताली मॅडम आल्या. त्यांनी शेडमध्ये डोकावलं, मग नाचणाऱ्यांकडे पाहिलं.

"पक्षी आत," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाहेर माणसं. माणसांचं कल्याण समाधानकारक."

"मॅडम, अर्ध्या तासापूर्वी..."

"तुम्ही आधी तोंड धुवा."

अवधूतने तोंड धुतलं नाही. तसाच पिवळा बसून त्याने विमानतळाला अर्ज लिहिला: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराच्या तलंगा अंड्यावर येईपर्यंत पळस्प्यावरून जाणाऱ्या सर्व विमानांनी कृपया पंख मिटून जावे, ही नम्र विनंती.'