खोली तीनमधलं शून्य

मतं मोजणाऱ्यांनो, तुम्ही एका घरात विष कालवलंत आणि हात झटकून मोकळे झालात.

घर टेलरबाईंचं. वॉर्डातून उभ्या राहिल्या, अकरा मतांनी पडल्या. पडण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं; माप चुकलं तर उसवून पुन्हा शिवायची सवय होती. पण निकालाच्या कागदावर मतदान केंद्रातल्या खोली नंबर तीनच्या रांगेत, त्यांच्या कात्री या चिन्हाखाली, शून्य होतं. आणि त्या खोलीत नवरा, सासू आणि नणंद, तिघांनी मत दिलं होतं.

त्या संध्याकाळी ताटावर कोणी कोणाकडे बघेना.

"वहिनी, मी कात्रीच दाबली," नणंद म्हणाली.

"मी विचारलंय का?"

"विचारत नाहीस, म्हणूनच सांगतेय."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "मला दिसतं कमी, अक्कल शाबूत आहे. बटण दाबलं तशी मशीनच्या काचेमागे चिठ्ठी पडली, तिच्यावर कात्री होती."

नवरा बसचा कंडक्टर. तो जेवत होता. दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, 'निवडून आलीस तर घर कोण बघणार?' तेव्हा हसण्यावारी नेलेलं ते वाक्य आता बाईंना आठवलं. विचारू नये ते त्यांनी विचारलं.

"अहो, खरं सांगा. कुठलं बटण दाबलंत?"

त्याने घास खाली ठेवला. "वीस वर्षांत कधी संशय घेतला नाहीस. आज घेतलास, तोही एका डबड्याच्या सांगण्यावरून." ताट तसंच टाकून तो उठला.

निवडणूक कचेरीत बाईंच्या चपला झिजल्या. पहिल्यांदा साहेब म्हणाले, मशीन चुकत नाही. मग चिठ्ठ्या मोजा, म्हटल्यावर अर्ज मागितला. दुसऱ्यांदा अर्ज वर गेला होता. किती वर, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा बाईंनी घरातल्या तिघांकडून लिहून घेतलं आणि ते कागद टेबलावर ठेवले. कंडक्टर सोबत आला, पण दाराजवळच्या बाकावर बसून राहिला.

"हे चालत नाही," साहेब म्हणाले. "मत गुप्त असतं."

"ज्यांचं आहे तेच सांगतायत की."

"तरी गुप्तच." साहेबांनी यादी उलटली. "तुमचं नावही खोली तीनमध्येच आहे. तुमचं स्वतःचं मत कुठे गेलं, बाई?"

ते मत कुठेच गेलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी ज्यांना चालवत नव्हतं त्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आणण्यात दिवस सरला. स्वतः पोचल्या तेव्हा वेळ संपून दोन मिनिटं झाली होती. शिपायाने फाटक लावलं होतं. त्यांनी हुज्जत घातली नाही, नियम तो नियम म्हणून परत फिरल्या. घरी लाजेने सांगितलंही नाही. त्या शून्याला खोटं म्हणायला एकच साक्षीदार खात्रीचा होता, आणि तो फाटकाबाहेर राहिला.

"मी दिलंच नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

बाकावरून हसणं ऐकू आलं. "म्हणजे घरात कात्रीला मत न देणारं एकच माणूस, आणि ते तू," कंडक्टर म्हणाला. "आणि ताटावरून मला उठवलंस."

"हसा. हसाच तुम्ही."

तो टेबलाशी आला. हसू मावळलं होतं. "साहेब, माझ्याकडेही मशीन असतं, तिकिटाचं. चेकर गाडीत चढला की मशीनला विचारत नाही, माणसं मोजतो. मी कधी रागावलो नाही. लपवायला काही नसलं की मोजू देतो माणूस."

"अर्ज वर आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली. कागद उचलले नाहीत.

"माझा पराभव तुमच्याकडेच ठेवा, तो नकोय मला परत. तीन माणसांचा शब्द तुम्ही खोटा पाडलाय, तेवढा परत करा. चिठ्ठ्यांची पेटी तुमच्याच कुलपात आहे. ती कधी उघडताय? तारीख सांगा."