पालकाचा वानोळा

ज्ञानेशच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगतो: पीएचडी, तिच्या जोरावर कॉलेजात कायमची नोकरी आणि सासरी ताठ मान. त्यासाठी त्याला हवी होती घाण माती. ती कुसाबाईमामीकडं होती. नाल्याकाठी पालकाचा मळा, वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारी प्लेटिंगची वर्कशॉपं, त्यांचं सांडपाणी नाल्यात, आणि मळ्याच्या पाण्याची मोटरही नाल्यातच.

विषय होता मातीतलं कॅडमियम, म्हणजे प्लेटिंगच्या पाण्यातून येणारा विषारी धातू, मोजायला बाहेर काढायच्या दोन रीती. कडक आम्लात माती उकळली की आतलं जवळपास सगळं बाहेर येतं. सौम्य द्रावणात हलवली तर सैल, मुळांना मिळण्याजोगं तेवढंच येतं, म्हणजे थोडं. कोणत्या रीतीचा आकडा पालकाच्या पानातल्या कॅडमियमशी जुळतो, हे दोन हंगाम बघायचं.

मामीला प्रबंधाशी देणंघेणं नव्हतं. पालक खाण्याजोगा आहे का, एवढंच तिला हवं होतं. ती देवळाली कॅम्पात विकायची, आणि नात वेदिका त्याच भाजीवर वाढत होती.

पहिल्याच हंगामात पान मर्यादेबाहेर निघालं. पण मामीनं पालक मोडला असता तर दुसरा हंगाम कुठून आणायचा? ज्ञानेशनं सौम्य द्रावणाचा आकडा उचलला आणि आम्लाच्या रीतीसाठी ठरलेल्या मर्यादेशेजारी मांडला. दोन्ही आकडे खरे. शेजार तेवढा खोटा.

"मामी, मर्यादेच्या बरंच खाली आहे."

"मंग दर खुड्याचा वानोळा तुझ्या घरी. शिकला त्याचा उपेग झाला बाबा."

वानोळा, म्हणजे मळ्यातली मायेची भेट, नाकारता येत नाही. मामीचा मुलगा भिका नाशिक रोडला पिशवी देऊन जायचा, ज्ञानेश ती घंटागाडीत टाकायचा. एकदा बायकोनं, सुवर्णानं, हात धरला.

"अहो, ताजा पालक आहे."

त्यानं सगळं सांगितलं. कॅडमियम मूत्रपिंडात साचत जातं, तेही.

"मामींना सांगितलंत?"

"उन्हाळी हंगामाचे नमुने झाले की सांगतो."

सुवर्णानं वाद घातला नाही. पुढं पिशवी तीच टाकू लागली. मामीचा फोन आला की "भाजी छान झाली होती" म्हणायचीही तीच.

नमुने झाले, तसा ज्ञानेश मळ्यात गेला आणि खरं काय ते बोलला. मामी जुड्या बांधत होती.

"कवापासून ठाऊक व्हतं?"

"पहिल्या हंगामापासून."

"आन वानोळा?"

"तो टाकून दिला."

"म्हंजी तुमी खाल्ला नाय. सुवर्णा तर म्हणायची, लय चवीचा हाय." मामीनं हातातली जुडी सोडली. "माह्या वेदिकाला म्या पुढ्यात बसवून भरवला रं. तुझ्या शब्दावर."

आता मळ्यात झेंडू आहे. ज्ञानेशला नोकरी लागली, सुवर्णानं पेढे वाटले, प्रबंधात मामीचे सहकार्याबद्दल आभार आहेत. वर्कशॉपांना कुणी काही विचारलं नाही. किंमत मोजली कॅम्पातल्या गिऱ्हाइकांनी, न कळता. आणि वेदिकानं, आजीच्या हातून.