सायबाचा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. रंग हिरवा, अंग भक्कम आणि तोंड फटकळ. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणायचा एक कारखाना आहे, त्याच्या मागच्या भिंतीत मी उभा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणाऱ्यांतला नाही. पण दरवाजाच्या जन्माला येऊन ज्याला भिंतीसारखं जगावं लागलं, त्यानं नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

पिंप्राळ्याच्या अन्वर मिस्त्रीनं मला घडवलं. रस्त्याच्या कडेला त्याचं छोटंसं दुकान होतं. तिथं ठिणग्यांच्या पावसात मी उभा राहिलो. त्यानं माझ्या आतल्या अंगाला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा बसवला. त्या दांड्यावर नुसतं अंग टाकलं, की मी बाहेरच्या बाजूला उघडणार. कारखान्याचे मालक योगेंद्र शेठ मला न्यायला आले, तेव्हा दांड्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, साधी कडी लावली असती तर चाललं नसतं का?"

अन्वर मिस्त्रीनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, आग लागली की माणूस कडी शोधत बसत नाही. तो येऊन आदळतो. हा दरवाजा आदळणाऱ्या माणसासाठी आहे."

हे वाक्य मी जन्मभर विसरलो नाही. माझा जन्म कशासाठी झाला, हे मला जन्मतःच कळलं होतं. सगळ्यांना असं कळत नाही.

झालं होतं असं, की परदेशातली एक मोठी कंपनी या कारखान्याच्या चटया घेऊ लागली होती. तिकडच्या लोकांना म्हणे चटई तर सुंदर हवीच, पण ती विणणाऱ्या बायकांचीही काळजी घेतलेली हवी. तसं त्यांच्या नियमात होतं. म्हणून माझी सोय झाली. माझ्या डोक्यावर पाटी लागली, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. शेजारी पळणाऱ्या माणसाचं चित्र. परदेशी पाहुणे आले, माझ्यापुढे उभे राहून त्यांनी फोटो काढले. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार बरं वाटलं.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. पुढच्या दाराला नथ्थू आणि मला पितांबर, असे दोन राखणदार होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत पितांबर मला उघडून ठेवायचा. वाऱ्याची झुळूक यायची आणि काठ शिवणाऱ्या बायका माझ्यापाशी डबे सोडून बसायच्या. यशोदाबाईंची जागा अगदी माझ्या चौकटीला टेकून. त्या शेठच्या वडिलांच्या काळापासूनच्या. माग धडधडत असतानाही त्यांचा आवाज टोकाला ऐकू जायचा. त्यांना सगळे अक्का म्हणत, आणि शेठही जरा बिचकूनच असत. त्यांची सून पुनम कामाला लागली, तेव्हा अक्कांनी तिचं टेबल मुद्दाम माझ्याजवळ मांडून घेतलं. "दाराजवळ ऱ्हाय," म्हणाल्या, "हवाही लागंल आणि जीवालाही घोर नाही."

ऐकून मी ताठ झालो होतो. आता आठवलं की पत्रा तापतो.

मग त्या कंपनीनं भाव पाडला. चटई तीच, काळजी तीच, पैसे मात्र कमी. शेठनं पुष्कळ हातपाय मारले आणि शेवटी पितांबरला घरी बसवलं. त्याच्या जागी काय आलं? कुलूप. माझ्या बाहेरच्या अंगाला कोयंडा ठोकला आणि त्यात पितळी कुलूप अडकवलं. रंगीत दोऱ्याची रिळं या बाजूनं बाहेर जातात, असा शेठना संशय होता. किल्ली शेठच्या टेबलाच्या खणात राहिली. आता बाहेर पडायला एकच वाट. पुढच्या दारात नथ्थू स्टुलावर बसायचा आणि सुटी झाली की बायका रांगेनं उभ्या राहून डबा उघडून त्याला दाखवायच्या. डब्यात रीळ नाही ना, हे बघून तो मान हलवायचा आणि बाई घरी जायची. रोजचं झालं की माणसाला कशाचीही लाज वाटेनाशी होते. नथ्थूलाही वाटेनाशी झाली.

मला फक्त पाहुणे यायच्या दिवशी उघडत. मला पुसत, कुलूप लपवत, पाहुणे गेले की पुन्हा अडकवत. बायकांनी मला नाव ठेवलं, 'सायबाचा दरवाजा'. आणि ते त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

एका उन्हाळ्यात मागच्या बाजूची वायर जळाली. प्लॅस्टिकच्या गठ्ठ्यानं पेट घेतला आणि काळा धूर पसरला. बाकीच्या बाया पुढं धावल्या. पुनमला मी जवळ. ती येऊन माझ्यावर आदळली. अगदी अन्वर मिस्त्री म्हणाला होता तशी. तिनं दांडा दाबला, दोन्ही हातांनी मला बडवलं, "उघडा हो, कोणी तरी उघडा!" म्हणून ओरडली. माझा दांडा खाली गेला, चौकटीत अडकणारी जीभ आत ओढली गेली, मी जेवढा हलायचा तेवढा हललो. बाहेर कुलूप खडखडलं. तेवढंच.

नथ्थू धावत बाहेरून आला, पण त्याच्याकडे किल्ली कुठली? खण बंद आणि शेठ धुळ्याला लग्नाला गेलेले. तो नुसता कुलूप ओढत राहिला. शेवटी यशोदाबाई तोंडाला ओला पदर लावून धुरातून मागे आल्या आणि सुनेला फरफटत पुढे घेऊन गेल्या. वितळलेलं प्लॅस्टिक पुनमच्या उजव्या हातावर पडलं होतं. आग विझली, पुनम वाचली, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात आक्रसला. कितीतरी महिने तिला सुई धरता आली नाही.

ती परत कामाला आली, तेव्हा त्याच टेबलावर बसली, पण पाठ माझ्याकडे करून.

मित्रांनो, तुमच्याशी कोणी बोलणं टाकलं तर तुम्ही माफी मागू शकता. दरवाजानं काय करावं?

अक्कांनी शेठना गाठलं. "योगेंद्रभाऊ, त्या दरवाजाचं कुलूप काढा. माझी सून तिथं बसते."

"अक्का, राखण कोण करेल? एका नथ्थूला मी दोन ठिकाणी उभा करू का?"

"मग सुनेला दोनदा जाळू का मी?"

शेठनं कुलूप काही काढलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण वाईट नसलेल्या माणसाचं कुलूपही तेवढंच घट्ट बसतं. तेवढ्यात परदेशी कंपनीच्या बाई तपासणीला येणार असा निरोप आला. कारखान्यात धावपळ सुरू झाली. मला नवा रंग द्यायला रंगारी आला. त्यानं घाईत कुलूप न काढताच माझ्यावरून हिरवा हात फिरवला. कुलूपही हिरवं झालं. नथ्थूला ते दिसलं आणि तो आपल्या स्टुलाकडे परत गेला.

आदल्या दिवशी शेठनं अक्कांना केबिनमध्ये बोलावलं. माग थांबले होते आणि केबिनचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "अक्का, ही ऑर्डर गेली तर कारखाना बंद. तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बोललात की सगळ्या बोलतील."

अक्कांनी बाहेर बसलेल्या बायांकडे पाहिलं. एका बाजूला पुनमचा हात, दुसऱ्या बाजूला साऱ्याजणींच्या चुली. मग म्हणाल्या, "मी तोंड उघडणार नाही. शब्द दिला. पण एक ध्यानात ठेवा, हा शब्द मी घशात काटा अडकल्यासारखा ठेवीन."

परदेशी बाई आल्या. उंच, शांत, पायात साधे बूट. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला मिसबाह नावाची मुलगी होती. जळगावचीच, इंग्रजी शिकलेली. कुलूप काढून नथ्थूनं खिशात टाकलं होतं. माझा दांडा दाबून बाईंनी मला उघडून पाहिलं. मी झटकन उघडलो. शेठ हसले.

मग बाई म्हणाल्या, आता आग लागली असं समजून भोंगा वाजवा, बायका कशा बाहेर पडतात ते बघू.

भोंगा वाजला. मी सताड उघडा उभा होतो, बाहेर ऊन चकाकत होतं. इतक्या वर्षांनी माझं काम आलं होतं. या, मी मनात म्हणालो, या गं बायांनो, आदळा माझ्यावर.

एकही आली नाही. सगळ्या उठल्या, खुंटीवरच्या पिशव्यांतून डबे काढले आणि पुढच्या दाराला रांग लावली. प्रत्येकीनं डब्याचं झाकण उघडून डबा हातावर धरला. कोणाच्या डब्यात अर्धी भाकरी, कोणाच्या ठेच्याचे डाग. आग लागली होती ना, म्हणून झटपट रांग लावली होती बिचाऱ्यांनी. पुनमही उठली. माझ्यापासून चार पावलांवरून उठली आणि लांबच्या दाराशी जाऊन रांगेत उभी राहिली. जळक्या हातावर उघडा डबा.

परदेशी बाईंना काही कळेना. मिसबाहनं विचारलं, "मावशी, डबे कशाला उघडले?"

सुनंदाबाई रांगेत पहिली होती. भोळी बाई. आपल्या अहिराणीत म्हणाली, "बाहेर जानं शे ना, माय? मंग डबा दखाडना पडस."

"बाहेर जायला डबा दाखवावा लागतो? आणि तो हिरवा दरवाजा? तो तर उघडा आहे."

"तो आमना नही. तो सायेबना शे."

एक-दोघी हसल्या. मग कोणीच हसलं नाही. शेठ घाईघाईनं म्हणाले, "ताई, सांगा त्यांना, बायका घाबरल्या, गोंधळल्या." मिसबाहनं अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी ओठ घट्ट आवळले होते. शब्द दिला होता ना. मिसबाहनं सुनंदाबाईचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

परदेशी बाई चालत माझ्याकडे आल्या आणि बाहेर जाऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. नव्या कोऱ्या हिरव्या रंगात, कोयंड्याखाली, कुलपाच्या आकाराचा एक गंजका डाग तसाच राहिला होता. रंग तिथं पोचलाच नव्हता. बाईंनी त्या डागावर बोट ठेवलं. मला तोंड नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी मी बोललो.

शेठचा चेहरा पडला. मग एकदम त्यांना कुठून बळ आलं कोण जाणे. "विचारा त्यांना," ते मिसबाहला म्हणाले, "इथं पितांबर नावाचा राखणदार होता. भाव कोणी पाडला? स्वस्त चटई पण पाहिजे, उघडा दरवाजा पण पाहिजे, आणि राखणदाराचा पगार द्यायचा कोणी?"

मिसबाहनं तेही सांगितलं. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. भाव ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. जाताना एवढंच म्हणाल्या, की ऑर्डर आत्ता थांबणार नाही, पण कुलूप दिसता कामा नये, आणि भावाचं मी वर बोलेन. वर म्हणजे कुठं, ते मला ठाऊक नाही.

गाडी फाटकाबाहेर गेली. सुटी झाली. शेठ थकून म्हणाले, "नथ्थू, उद्याचं उद्या पाहू. आज लाव ते कुलूप."

नथ्थूनं खिशात हात घातला. तेवढ्यात अक्का रांगेतून बाहेर पडल्या. पुढच्या दाराकडे पाठ केली आणि डबा हातात घेऊन तरातरा माझ्याकडे आल्या.

"योगेंद्रभाऊ, मी शब्द पाळला. तोंड उघडलं नाही. उघडलं का?"

"नाही, अक्का."

"मग आता उघडते. पुढचं दार तुमच्या केबिनच्या काचेसमोर आहे. तुम्हाला डोळे आहेत ना? राखा ते. आणि झडती घ्यायची असंल तर ती इथं होईल." त्यांनी मान वळवली. "नथ्थू, तुन्हा स्टूल आठे लई ये! बठ्ठ्या बाया रोज आठूनच जातीन."

म्हणजे स्टूल इथं आणायचं आणि सगळ्या बायकांनी रोज इथूनच जायचं! नथ्थूनं शेठकडे पाहिलं. शेठनं पुनमच्या हाताकडे पाहिलं.

"ने रे स्टूल," शेठ म्हणाले.

रांग वळली. भोंग्यानंतर नथ्थूनं मला लोटून घेतलं होतं, म्हणून कोणीतरी दांडा दाबायला हवा होता. अक्का बाजूला सरकल्या. "पुनम, तू ढकल."

"आत्या, नको. तो उघडत नाही."

"ढकल म्हणते ना."

तिनं तो आक्रसलेला हात माझ्या दांड्यावर ठेवला. तिला वाटलं मी जड असेन. अन्वर मिस्त्रीची शपथ, मी पिसासारखा हलका झालो.

तेव्हापासून बायका रोज संध्याकाळी माझ्यातूनच जातात. पायांना आता सवय झाली आहे. झडती अजून आहे, डबे अजून उघडतात, पितांबर अजून घरीच आहे. कुलूप शेठच्या खणात पडलेलं आहे, किल्लीसकट. खण सरकल्याचा आवाज आला, की माझ्या बिजागऱ्या अजून आखडतात. त्या कंपनीनं कुठल्याशा गुळगुळीत पुस्तकात माझा फोटो छापला आहे म्हणे, पुढून काढलेला. मागचा डाग त्यात नाही. रंगारी पुन्हा आला, तेव्हा अक्का त्याला म्हणाल्या, "तेवढी जागा सोड. ती रंगवायची नाही."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, मंगल कार्यालयात, दवाखान्यात, कुठंतरी मागच्या बाजूला माझा एखादा भाऊ उभा असेल. डोक्यावर पाटी, अंगावर छान रंग. त्याच्यासमोर फोटो काढू नका. त्याला एकदा ढकलून बघा. नाही उघडला, तर त्याच्यावर रागावू नका. मागे फिरा, आणि किल्ली ज्याच्या खणात आहे त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.