शेवटची पत्रिका दोनदा

अर्जातले बाकीचे रकाने वनमाला भराभर भरून टाकायची, पण ‘अनुभव’पाशी तिचं पेन जे अडायचं ते अडायचंच. ‘नाही’ लिहावं तर अर्ज तिथेच बाद व्हायचा आणि रिकामा सोडावा तर समोरचा माणूस नेमकं तिथेच बोट ठेवायचा. आठ महिन्यांत सतरा ठिकाणी हेच. “अनुभव नाही? बरं, कळवतो.” एकानेही कळवलं नव्हतं. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. मग हे प्रोग्रामर काय आईच्या पोटातून अनुभव घेऊन येतात?

त्यात लवूमामाने घाटकोपरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टायपिस्टची जागा पक्की केली होती. सोमवारी हजर व्हायचं. आज शुक्रवार. म्हणजे आजची अंधेरीची मुलाखत शेवटची, नाहीतर वाट लागली.

“त्या टायपिंगात काय वायट आसा गो?” आई डबा भरता भरता म्हणाली. “पंख्याखाली बसूचा नि टकटक करूचा.”

“आई, वर्षभर कॉम्प्युटर शिकले मी!”

“तिथेपण टकटकच ना?” धाकटी जया दप्तर भरत होती. दहावीत होती, पण जीभ मॅट्रिकच्या पुढे गेलेली. “वने, टेन्शन नको घेऊ. ट्रकच्या मागे काय रंगवायचं ते तूच टाइप करून देशील.”

वनमालाने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि बस पकडली.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या ऑफिसात दीड तास बसवल्यावर आत बोलावणं आलं. कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख भाऊराव गवई. अर्ज बघितला, बोट थेट त्या रकान्यावर.

“जाहिरातीत दोन वर्षं अनुभव लिहिलं होतं ना?”

“हो, साहेब.”

“मग?”

“मग आले.”

गवईंनी तिचा प्रोजेक्ट उलगडला. वाचनालयाच्या सभासदांची यादी छापणारा प्रोग्राम, खाली क्लासचा गोल शिक्का. त्यांनी सुस्कारा सोडला, टेबलाचा खण उघडला आणि तसलेच पाच गठ्ठे धाडकन तिच्यापुढे टाकले. तेच वाचनालय, तेच सभासद, तोच शिक्का.

“या महिन्यातला सहावा. एकाने फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी उतरवायचं. चूकसुद्धा तीच!”

वनमालाचे कान तापले. “शेवटचं नाव दोनदा छापलं जातं, तीच ना?”

गवई थांबले. “माहीत आहे? तरी तसंच घेऊन हिंडताय?”

“शिक्का त्याच्यावरच आहे! क्लासच्या सरांना ती चूक दाखवली, तर म्हणाले, परीक्षेला हाच येतो, डोकं चालवू नको.” तिने शिक्क्याचा कागद बाजूला सारला. “बरोबर केलेला माझ्याकडे आहे, पण त्याच्यावर शिक्का नाही. म्हणून तो कोणी बघत नाही.”

“आम्ही बघतो. काढा.”

तिने पिशवीतून वहीचे कागद काढले. कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं.

“हे काय?”

“लग्नपत्रिकांचं, साहेब. क्लासमध्ये मशीन आठवड्यातून अर्धा तास मिळायचं. मग घरीच बहिणीला मशीन केलं. आईच्या ट्रंकेतल्या पत्रिका तिच्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं, मी लिहिलंय तेवढंच करायचं, अक्कल वापरायची नाही. एक उचलायची, नाव वाचायचं. उचलायची, वाचायचं. गठ्ठा संपला तरी आमच्या या बाईसाहेबांनी हातातली शेवटची पत्रिका परत वाचली. मी ओरडले, तर म्हणते, संपल्यावर वाचू नको असं कुठे लिहिलंयस? तेव्हा कळलं. संपलं का, ते आधी विचारायला पाहिजे.”

गवई हसले नाहीत. एकेक ओळीवर पेन्सिल ठेवत त्यांनी सगळे कागद वाचले. पंखा घरघरत होता. वनमालाला वाटलं, आता कुठे तरी नवीच चूक सापडणार.

“आम्हालाही मशीन दिवसाला तीनच तास मिळतं,” शेवटी ते म्हणाले. “त्यातला निम्मा वेळ असल्या चुकांत जातो. कागदावर तपासून देणारं कोणी हवं खरं.” त्यांनी कागद परत दिले. “ठीक आहे. कळवतो.”

पुन्हा तेच! उठलेली वनमाला परत खुर्चीत बसली.

“आत्ताच कळवा, साहेब. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण सोमवारी मला दुसरीकडे बसवणार आहेत, आणि एकदा बसले की तिथेच राहीन.”

गवईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तीन महिने शिकाऊ म्हणून. जमलं तर पुढे.”

“पत्र?”

“अहो, टायपिस्ट जेवायला गेलाय!”

वनमाला बाहेर गेली, टायपिस्टच्या रिकाम्या टेबलावरच्या टाइपरायटरमध्ये कागद आणि कार्बन सरळ केले आणि बसली. गवई मागून सांगत होते आणि तिची बोटं त्यांच्या पुढे पळत होती. रुजू व्हायची सोमवारची तारीख तर त्यांनी सांगायच्या आधीच पडली. मग ‘शिकाऊ प्रोग्रामर’.

सही करता करता गवई म्हणाले, “टायपिंग झकास येतं की तुम्हाला! अर्जात लिहिलं नाहीत?”

“मुद्दामच नाही लिहिलं, साहेब,” वनमाला म्हणाली आणि शाई वाळायच्या आत पत्र ओढून घेतलं.