आडनाव पिराजी

आडनाव असं कमलाच्या घराण्यात नव्हतंच. निपाणीकडच्या त्यांच्या वस्तीत ज्याच्या त्याच्या नावापुढं बापाचं नाव लागे, आणि पुढच्या पिढीत ते बदले. तिचा बाप पिराजी दगडाचं काम करणारा. पोटासाठी बेंगळुरूला आला, तिथंच त्याची बायको तापानं गेली. सेहेचाळीस साली तुंगभद्रेच्या धरणावर काम निघालं तेव्हा सात वर्षांच्या कमलाला त्यानं तिच्या मावशीजवळ, भागुबाईजवळ ठेवलं. दोन वर्षांचं धाकटं पोर मात्र बापाच्या गळ्यातले हात सोडेना, म्हणून त्याला बरोबर घेतलं. त्याचं बारसं राहूनच गेलं होतं. शेजारच्या कानडी बायकांचं ऐकून सगळे त्याला तम्मा म्हणत. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

“सहा महिन्यांत येतो,” असं पिराजी सांगून गेला. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. मावशीचा नवरा एकदा धरणावर, होस्पेटला जाऊन आला. तिथं हजारोंनी माणूस कामाला. पिराजीचा पत्ता लागला नाही.

शाळेत मास्तरांनी इनिशियल विचारलं. इथल्या रीतीप्रमाणं ती पी. कमला झाली. पुढं अठ्ठावन्न साली टेलिफोन खात्यात नोकरी लागली, तेव्हा फॉर्मवर आडनावाचा रकाना होता. कारकुनानं ‘पी’चा अर्थ विचारून तिथं ‘पिराजी’ लिहून टाकलं. तिला ते बरं वाटलं. ऑफिसात कुणी ‘मिस पिराजी’ म्हटलं की बापालाच कुणीतरी हाक मारल्यासारखं होई.

मावशीच्या राजाजीनगरातल्या घरी स्थळं येऊ लागली. ती नको म्हणे.

“अगं, म्हातारी होईस्तोवर अशीच राहणार काय?” भागुबाई चिडायची.

“लग्न झालं की नाव बदलणार, मावशी. तम्मा मला मग कुठल्या नावानं शोधंल?”

मग भागुबाई पुन्हा चुलीकडं वळायची.

बासष्टच्या उन्हाळ्यात ट्रंक बोर्डावर बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून कॉल आला. लाइनीत खरखर फार. वीटभट्टीवरून बोलतो म्हणत एक पुरुष लाकडाच्या वखारीच्या मालकाला बोलवायला सांगत होता.

“आपलं नाव?” कमलानं कानडीत विचारलं.

“रघुपती पिराजी.”

तिचा हात प्लगवरच राहिला. ड्यूटीवर खासगी बोलायची सक्त मनाई होती. तरी ती मराठीत बोलून गेली, “पिराजी हे वडलांचं नाव का हो?”

“होय की. का?”

“कुठं असतात ते?”

“इथंच, घरी. तुम्ही कोण, अक्का?”

मागं सुपरवायझर बाई येऊन उभ्या राहिल्या. कमलानं लाइन जोडून दिली.

रविवारी ती बसनं होसकोट्याला गेली. मावशीला सांगितलं नाही. पिराजींची वीटभट्टी म्हटल्यावर तळ्याकाठचं घर कुणीही दाखवलं. दारात रघुपती आला. टेलिफोनवर बोलले ती मी, असं तिनं सांगितलं. चाळिशीकडं झुकलेला, कानांवर केस पिकलेले. ती तेवीस वर्षांची, तम्मा तर अठराचा. तिथंच सगळं कळलं. आल्या पावली ती वळणारच होती.

“कोण रे?” आतून आवाज आला. खाटेवर एक म्हातारा बसला होता, डोळ्यांत फुलं पडलेली.

“टेलिफोनवाल्या अक्का, अप्पा.”

“नाव काय, पोरी?”

“कमला पिराजी.”

“माझ्या नावाची? बैस. बैस बघू.”

तिनं मग सगळं सांगितलं. धरण, पत्रं, तम्मा. इतकी वर्षं तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हातारा म्हणाला, “आमच्या निपाणी भागात मला तीन पिराजी ठाऊक होते. दगडाचं काम करणारा त्यात नव्हता. आमची पोरं कशी, बापाचं नाव घेऊन हिंडतात, पण ते नाव हजारांचं.” त्यानं चाचपत तिचा हात धरला. “जेवल्याशिवाय जायचं नाही.”

त्यानंतर ती सणावारी जाऊ लागली. म्हातारा तिला धरणाबद्दल पुन्हा पुन्हा विचारी, जणू हरवलेला माणूस त्याचाच होता. होस्पेटकडं जाणाऱ्या लॉरीवाल्यांना तो सांगून ठेवी, पिराजी नावाचा कुणी भेटला तर कळवा. कुणी कळवलं नाही.

चौसष्टच्या पौषात रघुपतीचा कॉल नेमका तिच्याच बोर्डावर आला.

“अक्का, अप्पा गेले.”

ती पोचली तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या. “ही कोण?” कुणीतरी विचारलं. रघुपतीनं तिचं पूर्ण नाव सांगितलं. बायकांनी सरकून लेकीच्या जागी, पायाशी, तिला बसवलं.

ती पोटभर रडली. रडता रडता तिच्या मनात आलं, आपला बाप अजून असेल कुठंतरी, आणि आपण हे त्याचं रडणं दुसऱ्याला देऊन बसलो. मग म्हाताऱ्याचे गार पडलेले पाय तिनं पदरानं झाकले.